संगणक घरचा, कारभार कोणाचा?

रायपूर, भिलाई, दुर्ग आणि राजनांदगाव या पट्ट्यात मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या राहत आला आहे. नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीत आलेली घराणी, मध्य प्रांत व वऱ्हाडच्या कारभारात आलेले कारकून आणि शिक्षक, रेल्वेतील नोकरदार आणि शेवटी भिलाई पोलाद कारखान्यातील कामगार व अभियंते अशा अनेक थरांनी हा समाज बनला. १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे आणि पुढे टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणणारे माधवराव सप्रे मराठी घरातलेच. राजनांदगावच्या महाविद्यालयात अखेरची वर्षे शिकवणारे गजानन माधव मुक्तिबोधही मराठी घरातलेच. त्यांचे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत आणि ते स्वतः हिंदीत. दोन भाषांमध्ये सहज वावरणाऱ्या या समाजातील तरुणांच्या हाती आज संगणक आला आहे. त्यासोबत एक प्रश्न आला आहे. तो वरवर तांत्रिक आणि किरकोळ दिसतो. प्रत्यक्षात तो मालकीचा प्रश्न आहे.

रायपूरच्या तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या, कंत्राटी कामगाराच्या घरातील एखाद्या विद्यार्थ्याची कल्पना करावी. तयार संगणक महाग पडतो म्हणून तो सुटे भाग घेऊन घरीच जुळणी करण्याचे ठरवतो. मदरबोर्ड कोणता, प्रोसेसर कोणता, रॅम किती, पॉवर सप्लाय किती वॅटचा याची तो महिनाभर चौकशी करतो. चार दुकानांतले भाव ताडून पाहतो, शे-दोनशे रुपयांसाठी घासाघीस करतो. स्क्रू स्वतःच्या हाताने आवळतो. आणि मग शेवटचा प्रश्न उरतो: या यंत्रावर ऑपरेटिंग सिस्टीम कोणती? त्याचे उत्तर मात्र अर्ध्या मिनिटात, बहुधा दुकानदाराच्या तोंडून मिळते: ‘विंडोज टाकून देतो.’ ती प्रत परवान्याची आहे की कुलूप तोडलेली, हे दुकानदार सांगत नाही आणि गिऱ्हाईकही विचारत नाही.

पेटीसाठी महिनाभर विचार आणि पेटीच्या कारभारासाठी अर्धे मिनिट, ही विसंगती सहज घडलेली नाही. गेल्या पन्नास वर्षांत ती घडवण्यात आली आहे.

कारभारी म्हणजे काय?

ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजेच संचालन प्रणाली, हे इतर सर्व कार्यक्रमांच्या खाली चालणारे मूलभूत सॉफ्टवेअर होय. प्रोसेसरचा वेळ कोणत्या कामाला किती द्यायचा, स्मृतीतील जागा कोणाला वाटायची, डिस्कवरील कोणती फाईल कोणी उघडायची, जाळ्यावरून काय आत येईल आणि काय बाहेर जाईल, हे सर्व ती ठरवते. मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना जॉबरची आठवण व्हावी. साचे मालकाचे आणि घाम कामगाराचा. पण कोणाला कामावर घ्यायचे, कोणाला कोणत्या साच्यावर उभे करायचे आणि कोणाला दारातून परत पाठवायचे हे जॉबर ठरवीत असे. संगणकात ती जागा संचालन प्रणालीची आहे. म्हणून पहिला प्रश्न असा की, हा जॉबर कोणाच्या हुकमतीत आहे? ज्याने पैसे मोजून यंत्र जुळवले त्याच्या, की हजारो मैल दूर असलेल्या कंपनीच्या?

घरी संगणक जुळवणाऱ्यांच्या इतिहासाची सुरुवातच या वादाने होते. जानेवारी १९७५ मध्ये अमेरिकेत ‘अल्टेअर ८८००’ नावाचा सुट्या भागांचा संच बाजारात आला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात हौशी मंडळींचा ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ सुरू झाला. हे लोक आराखडे आणि कार्यक्रम एकमेकांना मोकळेपणाने देत. फेब्रुवारी १९७६ मध्ये बिल गेट्स यांनी या हौशी मंडळींना एक जाहीर पत्र लिहिले. तुमच्यापैकी बहुतेक जण सॉफ्टवेअर चोरता, असा त्या पत्राचा रोख होता. कार्यक्रम लिहिण्यात श्रम आहेत आणि श्रमाला मोल हवे, हा त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. परंतु श्रमाच्या मोलाच्या नावाने जे उभे राहिले ते मक्तेदार भांडवल होते. १९८१ साली आयबीएमचा वैयक्तिक संगणक निघाला. त्यासाठी लागणारी प्रणाली मायक्रोसॉफ्टने सिएटलमधील एका छोट्या कंपनीकडून विकत घेतली आणि आयबीएमला व पुढे इतर उत्पादकांना परवान्याने पुरवली. यंत्रे कोणीही बनवावीत, प्रणाली मात्र एकाच कंपनीची, ही व्यवस्था तेथून रुजली.

याच्या विरुद्ध दिशेने दुसरा प्रवाह निघाला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. १९८९ साली त्याचा सार्वजनिक परवाना आला. कार्यक्रम वापरण्याचे, त्याची मूळ संहिता अभ्यासण्याचे, ती बदलण्याचे आणि इतरांना वाटण्याचे स्वातंत्र्य या परवान्याने दिले. जो कोणी बदललेला कार्यक्रम वितरित करील त्याने पुढच्या माणसालाही हीच स्वातंत्र्ये दिली पाहिजेत, अशी अटही घातली. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने घरच्या संगणकासाठी लिहिलेला प्रणालीचा गाभा, म्हणजे लिनक्स, पुढच्या वर्षी याच परवान्याखाली आला. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालते. अँड्रॉइड फोनचा गाभाही तोच आहे. तेव्हा ही काही हौशी पोरांची खेळणी आहे, असे आता कोणी म्हणू शकणार नाही.

तीन वाटा

रायपूरच्या त्या विद्यार्थ्यापुढे तीन वाटा आहेत.

पहिली वाट परवान्याची. विंडोजच्या घरगुती आवृत्तीसाठी सुमारे दहा हजार रुपये मोजावे लागतात. वीस-पंचवीस हजारांत यंत्र जुळवणाऱ्याला हा बोजा पेटीच्या निम्म्याइतका पडतो. एवढे देऊनही मालकी मिळत नाही, मिळतो तो वापराचा परवाना. यंत्रासोबत दिला जाणारा स्वस्त परवाना त्या यंत्रालाच बांधलेला असतो, दुसऱ्या यंत्रावर तो नेता येत नाही. विंडोज ११ ची घरगुती आवृत्ती सुरू करतानाच इंटरनेट आणि कंपनीचे खाते मागते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था आणि ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर अशी अट आहे. त्यामुळे जी यंत्रे उत्तम चालत होती ती कंपनीच्या एका निर्णयाने कालबाह्य ठरली. गरीब देशातील माणूस यंत्र मोडेपर्यंत वापरतो. येथे यंत्र मोडत नाही, ते मोडीत काढले जाते.

दुसरी वाट कुलूप तोडलेल्या प्रतीची, आणि आपल्याकडे हीच राजमार्ग झाली आहे. आपल्या काही साथींनाही यात बंडखोरी दिसते: ‘मक्तेदाराचे घेतले तर काय बिघडले?’ हा भ्रम स्पष्टपणे दूर केला पाहिजे. चोरलेल्या प्रतीमुळे मक्तेदारी दुबळी होत नाही, बळकट होते. विद्यार्थी फुकटात विंडोज शिकतो, तीच सवय कचेरीत नेतो, आणि कचेरीला रीतसर परवाने घ्यावे लागतात. वापरणाऱ्याच्या डोक्यावर मात्र कायद्याची टांगती तलवार राहते. कुलूप तोडणारा अनोळखी कार्यक्रम यंत्राचे सर्व अधिकार मागतो. त्याच्यासोबत आत काय शिरले, हे कोणालाच कळत नाही. ज्या यंत्रावर सभासदांच्या याद्या, वर्गणीचे हिशेब आणि कामगारांची न्यायालयीन प्रकरणे ठेवायची, त्याचे दार असे उघडे टाकणे हा निव्वळ बेजबाबदारपणा होय.

तिसरी वाट मुक्त प्रणालीची. डेबियन, उबुंटू, मिंट, फेडोरा अशा ग्नू-लिनक्सच्या अनेक आवृत्त्या कायदेशीरपणे, विनामूल्य मिळतात. एका पेन ड्राइव्हवर प्रणाली घेऊन, डिस्कला हात न लावता ती आधी चालवून पाहता येते. ध्वनी, वाय-फाय, छापयंत्र सर्व चालते असे दिसले की मगच ती बसवावी. दहा वर्षांपूर्वीच्या यंत्रावरही तिच्या हलक्या आवृत्त्या चांगल्या चालतात.

आक्षेपांचा विचार

या वाटेवर काटेच नाहीत असे सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. लहान व्यापाऱ्याचा हिशेब ‘टॅली’त असतो आणि टॅली विंडोजसाठी बनलेले आहे. काही छापयंत्रे, काही वाय-फायचे तुकडे आणि अनेक खेळ लिनक्सवर नीट चालत नाहीत. जो घरी संगणक जुळवतो त्याला येथे एक फायदा आहे: भाग घेण्यापूर्वीच तो चौकशी करू शकतो. तयार यंत्र घेणाऱ्याला ती सोय नाही. म्हणून संचालन प्रणालीचा विचार जुळणीच्या शेवटी नव्हे, सुरुवातीलाच झाला पाहिजे. ज्याची रोजी टॅलीवर अवलंबून आहे त्याने त्या कामापुरती परवान्याची विंडोज ठेवावी. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. काही जण विचारतात, लिनक्स तरी भांडवलापासून मुक्त आहे काय? नाही. त्याच्या गाभ्यावर काम करणारे बहुसंख्य लोक मोठ्या कंपन्यांचे पगारी अभियंते आहेत. आयबीएमने २०१९ साली चौतीस अब्ज डॉलर्सना रेड हॅट कंपनी ताब्यात घेतली. सार्वजनिक परवान्याने भांडवलशाही संपत नाही, आणि विनामूल्य मिळणाऱ्या वस्तूला समाजवाद म्हणणे हा बालिशपणा आहे. परंतु एक भेद डोळ्याआड करता कामा नये. कंपनी विकली गेली तरी मुक्त परवान्याने आधीच दिलेली संहिता परत घेता येत नाही. ती ज्याच्या हाती आहे तो ती पुढे चालवू शकतो. सामूहिक श्रमाचे फळ कुंपणाबाहेर ठेवण्याची कायदेशीर तजवीज येथे झालेली आहे. ती अपुरी आहे. तरी ती खरी आहे.

भिलाईचा धडा

हा भेद समजण्यासाठी रायपूरकरांना दूर जावे लागत नाही. तीसेक किलोमीटरवर भिलाई आहे. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला आणि फेब्रुवारी १९५९ मध्ये तेथील पहिली झोतभट्टी पेटली. भिलाईचे महत्त्व केवळ दहा लाख टन पोलादात नव्हते. कारखाना सार्वजनिक मालकीचा होता, आणि भारतीय अभियंते व कामगार भट्टी चालवण्याबरोबर ती समजून घेण्यासाठीही प्रशिक्षित झाले. यंत्र मिळणे आणि यंत्राचे ज्ञान मिळणे यांतला फरक भिलाईने दाखवला.

संगणकाच्या क्षेत्रातही हा देश एकदा या प्रश्नाला सामोरा गेला होता. परकीय चलन कायद्यानुसार भारतीय भागीदारी वाढवण्याची अट आयबीएमने मानली नाही आणि १९७८ साली तिने देश सोडला. तिची यंत्रे बंद पडतील अशी भीती घालण्यात आली होती. सार्वजनिक क्षेत्रातील सीएमसीने त्यांच्या देखभालीची जबाबदारी घेतली आणि यंत्रे चालत राहिली.

परावलंबनाची किंमत किती असते हे जुलै २०२५ मध्ये पुन्हा दिसले. युरोपीय संघाने रशियन भागीदारी असलेल्या, गुजरातमध्ये वाडिनार येथे तेलशुद्धीकरण करणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीवर निर्बंध लादले. ते निर्बंध भारताचा कायदा नव्हते. तरीही मायक्रोसॉफ्टने त्या कंपनीच्या सेवा थांबवल्या, आणि भारतीय भूमीवरील कर्मचाऱ्यांना स्वतःचीच टपालपेटी उघडता येईना. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि महिनाअखेरीस सेवा पूर्ववत झाल्या. एवढ्या मोठ्या भांडवलदारी कंपनीची ही अवस्था, तर एखाद्या कामगार संघटनेचे दप्तर कोणाच्या भरवशावर?

सरकारलाही हे कळत नाही असे नाही. सी-डॅकने ‘बॉस’ नावाची भारतीय लिनक्स आवृत्ती २००७ पासून उपलब्ध केली. २०१५ साली केंद्र सरकारने मुक्त सॉफ्टवेअरला अग्रक्रम देण्याचे धोरण जाहीर केले. २०२३ साली संरक्षण मंत्रालयाने उबुंटूवर आधारित ‘माया’ प्रणाली आणली. मात्र कागदावरचे धोरण आणि कचेरीतले टेबल यांत मोठे अंतर राहिले. ते अंतर ज्यांनी कापले ते केरळ हे राज्य होय. तेथील शाळांनी मुक्त प्रणाली स्वीकारली, शिक्षकांना शिकवून तयार केले, आणि आज तेथील मुले लिनक्सवरच संगणक शिकतात. तेथे प्रणालीपेक्षा शिक्षकांच्या तयारीवर भर दिला गेला, हे त्या यशाचे मर्म आहे.

भाषेचा हक्क

मराठी वाचकाला आणखी एक बाजू जिव्हाळ्याची वाटावी. अनेक वर्षे आपली छपाई ज्या फाँटांवर झाली त्यांत प्रत्येक कंपनीची अक्षरांची सांकेतिक व्यवस्था वेगळी होती. त्या पद्धतीने जुळवलेला मजकूर तो फाँट नसलेल्या यंत्रावर उघडला तर निरर्थक चिन्हांचा ढीग दिसतो. हिंदी पट्ट्यात ‘कृतिदेव’ने हेच केले. आपण लिहिलेलेच आपल्याला वाचता येऊ नये, याहून मोठी परवशता कोणती? इनस्क्रिप्ट कळफलक १९८६ साली आला आणि युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. असे असूनही जुन्या फाँटांची सवय अजून सुटलेली नाही.

मुक्त प्रणालींनी येथे मोलाचे काम केले. २००४ साली रेड हॅटने ‘लोहित’ हा फाँटसंच मुक्त परवान्याने दिला. मराठीतील ल आणि श यांची वळणे हिंदीहून वेगळी, म्हणून त्यात मराठीचा फाँट स्वतंत्र होता. पुण्यातील भाषांतरकारांनी आणि देशभरातील स्वयंसेवकांनी या प्रणालींचे मेनू, संदेश आणि सूचना मराठीत आणल्या. हे काम किती कंटाळवाणे असते, हे भाषांतराचा अनुभव असणाराच जाणतो. एकेक तुटक वाक्य, संदर्भाविना, हजारोंच्या संख्येने. त्याला ना मानमरातब, ना वाचकांची पत्रे.

विंडोजमध्येही मराठी आहे, हिंदी आहे, कोकणीही आहे. छत्तीसगढी नाही. २०११ च्या जनगणनेत एक कोटी साठ लाखांहून अधिक लोकांनी जी आपली मातृभाषा म्हणून नोंदवली, आणि २००७ साली जिला राज्याच्या राजभाषेचा दर्जा मिळाला, तिच्यासाठी त्या कंपनीच्या हिशेबात जागा नाही, कारण त्या भाषेचा बाजार तिला दिसत नाही. लिनक्सवरील ‘केडीई’ या डेस्कटॉपचे छत्तीसगढी भाषांतर मात्र झाले. हिंदीतील संगणकविषयक लेखनासाठी प्रसिद्ध असलेले रविशंकर श्रीवास्तव, म्हणजेच ‘रवि रतलामी’, यांचा त्यात मोठा वाटा होता. त्यासाठी कोणा मालकाची परवानगी मागावी लागली नाही. संहिता उघडी होती, भाषा जाणणारी माणसे होती, एवढे पुरे झाले. हे भाषांतर अद्ययावत ठेवायचे तर नवे हात लागतात, आणि ते हात याच मातीतून यावे लागतील.

यंत्राला विरोध नव्हे

संगणकाच्या प्रश्नावर डाव्या चळवळीला अजूनही एक टोमणा ऐकावा लागतो: ‘तुम्ही तर संगणकाला विरोध करणारे.’ १९६० च्या दशकात कलकत्त्यात आयुर्विमा कर्मचाऱ्यांनी संगणक बसवण्यास अडवले, हा इतिहास आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. त्या लढ्यामागे नोकऱ्यांची रास्त भीती होती. पण नुसत्या अडवणुकीने यंत्र कायमचे थांबत नाही, हेही अनुभवाने शिकवले. १९८३ साली बँक कर्मचारी संघटनांनी यांत्रिकीकरणावर व्यवस्थापनाशी करार केला आणि कोणते यंत्र, किती आणि कोणत्या अटींवर, हा वाटाघाटीचा विषय बनवला. दल्ली-राजहराच्या लोहखाणींत शंकर गुहा नियोगी यांनी संपूर्ण यांत्रिकीकरणाला अर्धयांत्रिकीकरणाचा पर्याय मांडला. त्यांच्या संघटनेशी असलेले मतभेद जागच्या जागी ठेवूनही हे मान्य केले पाहिजे की, यंत्र कोणते असावे हे कामगारानेही ठरवावे, असा दावा करण्याचे धैर्य त्यात होते.

घरच्या संगणकाची प्रणाली निवडणे ही या दाव्याचीच लहानशी आवृत्ती आहे. एका विद्यार्थ्याने लिनक्स बसवल्याने मक्तेदारी कोसळणार नाही. परंतु जो तरुण आपल्या यंत्राचा कारभार कोणाकडे आहे असे विचारू लागतो, तो उद्या कारखान्यातील हजेरी-यंत्राबद्दल आणि डिलिव्हरी कामगाराचे दर ठरवणाऱ्या फोनमधील कार्यक्रमाबद्दलही तोच प्रश्न विचारील. त्या यंत्रांची संहिता आज कामगाराला पाहताच येत नाही. तिचे नियम उघडे करा, ही मागणी करायची तर संहिता उघडी असू शकते, हे आधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असावे लागते.

म्हणून काही साधी कामे हाती घेण्याजोगी आहेत. जेथे कचेरीत कुलूप तोडलेल्या प्रती आहेत, तेथे त्या काढाव्यात. जुनी यंत्रे भंगारात देण्यापूर्वी त्यांच्यावर मुक्त प्रणाली चालवून पाहावी. पत्रके, ठराव आणि अहवाल युनिकोडमध्येच लिहावेत, आणि जुन्या फाँटांत अडकलेले दप्तर हळूहळू सोडवून घ्यावे. संगणक जाणणाऱ्या तरुणांनी महिन्यातून एखादा रविवार वस्तीत बसून इतरांची यंत्रे लावून द्यावीत, कारण नवी प्रणाली बहुधा तिच्या दोषांमुळे सोडली जात नाही. अडले तेव्हा विचारायला शेजारी कोणी नव्हते म्हणून सोडली जाते. आणि ज्यांना दोन भाषा येतात त्यांनी भाषांतराच्या त्या कंटाळवाण्या कामातला थोडा वाटा उचलावा. सप्र्यांच्या आणि मुक्तिबोधांच्या प्रदेशातील मराठी माणसाला हे काम परके वाटण्याचे कारण नाही.

रायपूरच्या त्या विद्यार्थ्याने प्रत्येक भाग पारखून घेतला, प्रत्येक स्क्रू स्वतः आवळला. त्या यंत्राचा कारभार कोणाच्या हाती द्यायचा, तेही त्यानेच पारखून ठरवावे. त्यासाठी अर्धे मिनिट पुरणार नाही.